वाचून दाखवले, बरोबर आहे

आमच्या कोर्टात स्टेनोला कोणी नावानं हाक मारत नाही. ‘स्टेनोबाई’ एवढंच. प्रियदर्शनी धोंडीबा सरवदे हे पूर्ण नाव मी पहिल्यांदा नीट वाचलं ते त्यांच्या शपथपत्रावर, आणि तोवर एकाच दालनात आमची कितीतरी वर्षं गेली होती. मी बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत फौजदारी वकिली करतो. हे कोर्ट कोणतं ते इथं लिहीत नाही. तिथले तेव्हाचे न्यायाधीश आता हयात नाहीत, आणि जे घडलं त्यात ते एकटे नव्हते. मीही होतो.

बाई अंथुर्ण्याच्या. वडील धोंडीबा एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. सातवी शिकलेले. वस्तीत कोणाला नोटीस आली, समन्स आलं की लोक कागद घेऊन त्यांच्या ओसरीवर यायचे. धोंडीबा आधी तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचायचे, मग अर्थ सांगायचे, आणि अर्थ लागला नाही तर ‘मला कळंना’ असं सरळ सांगायचे. लेकीला त्यांनी बारावीनंतर टायपिंगच्या क्लासला घातलं. तिथं तिनं मराठी शॉर्टहँड शिकलं आणि एकोणतिसाव्या वर्षी ती कोर्टात लागली. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर हसून विषय बदलायची सवय होती. रोज सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी, घरी आबा आणि एक म्हैस.

कोर्टात साक्ष कशी लिहिली जाते ते बाहेरच्या माणसाला माहीत नसतं, म्हणून सांगतो. साक्षीदार आपल्या बोलीत बोलतो. न्यायाधीश ते ऐकतात, शुद्ध वाक्य करून स्टेनोला सांगतात, आणि स्टेनो तेच टाइप करते. साक्षीदार म्हणतो, ‘म्या वैरण टाकत हुतो’. कागदावर येतं, ‘मी गुरांना चारा घालत होतो’. उद्या अपील झालं तर वरचं कोर्ट हा कागद बघतं. साक्षीदाराचा आवाज तिथं पोचत नाही.

बाईंना हे मधल्या मधे गळून जाणारे शब्द आवडायचे. कीबोर्डशेजारी त्यांची एक छोटी वही असायची. साहेब वाक्य जुळवत असताना जे दोन-चार क्षण मिळतील त्यात त्या साक्षीदाराचं मूळ बोलणं शॉर्टहँडमध्ये टिपून ठेवायच्या. ते काही त्यांचं काम नव्हतं. नुसती हौस.

दोन हजार चौदाच्या दिवाळीनंतरची गोष्ट. लासुर्ण्याच्या पुढं कॅनॉलकडेला एक वस्ती आहे. तिथले आप्पासाहेब नावाचे म्हातारे शेतकरी दिवस मावळताना विहिरीवर गेले. कोणीतरी मोटारीची केबल कापत होता. म्हाताऱ्यानं हटकलं, त्या माणसानं हातातली पहार डोक्यात घातली. मागून येणाऱ्या त्यांच्या बायकोला, कुशाबाईला, एक माणूस उसात शिरताना दिसला. पाठमोरा. वळताना क्षणभर अर्धं तोंड.

तीन आठवड्यांनी पोलिसांनी रामहरीला उचललं. लोणी देवकरला एमआयडीसीच्या रस्त्यावर पाण्याच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देणाऱ्या रिवायंडिंगच्या दुकानात तो कामाला होता. त्याच्याकडं तांब्याची तार सापडली. रिवायंडिंग करणाऱ्याकडं तांबं नाही सापडणार तर काय गूळ सापडणार? पण पंचनाम्यात तार आली म्हणजे ती पुराव्यातच आली. ओळखपरेड झालीच नाही. रामहरीला वकील लावायची ऐपत नव्हती, म्हणून विधी सेवा समितीनं मला दिलं. घरी बायको सिंधू आणि आठ वर्षांची छकुली.

साक्ष दोन हजार सोळाच्या मार्चमध्ये झाली. कुशाबाई सत्तरीची, बारीक आवाजाची. पिंजऱ्याचा कठडा धरून उभी होती. सरकारी वकिलांनी सगळा प्रसंग काढून घेतला आणि शेवटी विचारलं, “आजी, समोर उभा आहे तो माणूस बघा. तुम्ही त्या दिवशी बघितला तो हाच का?”

कुशाबाईनं रामहरीकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, “त्योच हाय…”

आणि तिला खोकला आला.

सरकारी वकील “बस, साहेब” म्हणत खाली बसले. शिपायानं दारात पुढच्या केसचा पुकारा केला. डोक्यावर पंखा घरघरत होता. साहेबांनी सांगायला सुरुवात केली, “न्यायालयासमोर हजर असलेला आरोपी तोच इसम आहे.” आणि या सगळ्या गलक्यात कुशाबाईनं आपलं वाक्य पुरं केलं, “…आसं म्हणता यायचं न्हाय मला.”

हे मी तेव्हा ऐकलं नाही. मी मान खाली घालून फायलीत घटनास्थळाचा पंचनामा शोधत होतो. माझ्या डोक्यात उलटतपासाचे प्रश्न होते. पिंजऱ्याला सगळ्यांत जवळ बसलेल्या सरवदेबाईंनी ते ऐकलं. त्यांची बोटं थांबली. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं.

“थांबलात का? लिहा.”

दोनच दिवसांपूर्वी, एका साक्षीदाराचा शब्द साहेबांना लागला नव्हता म्हणून बाईंनी मधे अर्थ सांगितला होता, तेव्हा साहेब भर कोर्टात म्हणाले होते, “तुम्ही स्टेनो आहात, दुभाष्या नाही.” वकील हसले होते. मीही हसलो होतो.

बाईंनी लिहिलं.

मी उलटतपासाला उठलो. उजेड किती होता, अंतर किती होता, ऊस किती वाढला होता, हे विचारलं. ‘हाच का’ हे मात्र पुन्हा विचारलं नाही. वकिलीत पहिल्या वर्षी शिकवतात, की साक्षीदारानं विरुद्ध सांगितलेली गोष्ट त्याच्याच तोंडून दुसऱ्यांदा वदवून घ्यायची नाही. सरकारी वकिलाच्या समाधानी चेहऱ्यावरून मी धरून चाललो होतो, की तिनं ओळखलंय. शेवटी रिवाजाप्रमाणे एक प्रश्न टाकला, “पोलिसांनी पढवलं म्हणून तुम्ही असं सांगताय ना?”

“न्हाय,” कुशाबाई म्हणाली.

तिचा हा ‘न्हाय’ सगळ्या कोर्टानं ऐकला. तो कागदावरही आला. पुढं निकालपत्रात त्याच्यावर एक अख्खा परिच्छेद आहे: साक्षीदार निरक्षर, वृद्ध, कोणाच्याही दबावाखाली नाही, उलटतपासात ठाम.

कायदा सांगतो, की साक्ष लिहून झाली की ती साक्षीदाराला आरोपीसमोर वाचून दाखवायची, चूक असेल तर तिथंच दुरुस्त करायची. त्या दिवशी दोन वाजत आले होते. साहेब उठायच्या बेतात होते. प्रिंटरमधून पानं निघाली. शेवटी ‘वाचून दाखवले, बरोबर आहे’ ही ओळ होती. ती प्रत्येक साक्षीखाली आपोआपच येते. कारकुनानं शाईचा पॅड पुढं केला आणि कुशाबाईनं अंगठा लावला. कोणी काही वाचलं नाही.

पोलीस रामहरीला बाहेर नेत होते तेव्हा तो मला म्हणाला, “वकीलसाहेब, म्हातारी न्हाय म्हणली की.”

“बघतो कागदावर,” मी म्हणालो.

आठ दिवसांनी नक्कल मिळाली. कागदावर ‘तोच इसम आहे’ असं स्वच्छ होतं. पुढच्या तारखेला मी त्याला सांगितलं, “तुझ्या ऐकण्यात चूक झाली असेल.” त्यानं नुसती मान हलवली. आपल्याच कानांवर शंका घेतल्यासारखी.

आणि बाईंच्या वहीत दोन्ही तुकडे होते. त्याच संध्याकाळी एसटीत बसून त्यांनी ते पुन्हा वाचले. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या चेंबरच्या दारापर्यंत गेल्या. आत कोणी पाहुणे बसले होते. त्या परत आल्या. तिसऱ्या दिवशी साहेब रजेवर. नंतर त्या मला म्हणाल्या, “रोज वाटायचं उद्या सांगू. मग एक दिवस असा आला, की आता सांगितलं तर ‘इतके दिवस का नाही’ हाच पहिला प्रश्न येणार. त्या दिवसानंतर तोंडच उघडेना.”

निकाल एप्रिलच्या शेवटी लागला. जन्मठेप. शिक्षा सुनावण्याआधी आरोपीला विचारावं लागतं, तुला काही सांगायचंय का. हा त्याचा हक्क असतो. रामहरी म्हणाला, “म्हातारी न्हाय म्हणली व्हती, साहेब.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. साहेबांनी सांगितलं, “आरोपीने दया दाखवण्याची विनंती केली.” बाईंनी तेही टाइप केलं.

एखाद्याला एखादा आवाज लागतो, पाठ सोडत नाही म्हणतात, तसं बाईंचं झालं. दुसरा कोणता शब्द असता तर कदाचित विरला असता. पण आमच्या भागात ‘न्हाय’ हा शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडतो. सुट्टे न्हाईत. लाइट न्हाय. आज दूध घालायचं न्हाय. एसटीत मागच्या सीटवरची बाई कोणाला तरी म्हणायची, ‘न्हाय गं बाय,’ आणि सरवदेबाईंचा खांदा उडायचा. हे मी स्वतः पाहिलंय. तेव्हा वाटलं, बाईंना मानेचा काही त्रास असेल. घरात पंखा लावायचं त्यांनी बंद केलं. मे महिन्यातही नाही. पंख्याच्या घरघरीत खोकला ऐकू यायचा, आणि खोकल्यानंतर पुढचं वाक्य येईपर्यंत त्या श्वास धरून बसायच्या. आबांना वाटायचं, लेक विजेचं बिल वाचवते.

कोर्टात मात्र त्या बदलल्या. प्रत्येक साक्ष, कितीही उशीर झाला तरी, साक्षीदाराला शब्द न् शब्द वाचून दाखवायला लागल्या. पुढं आलेल्या साहेबांनीही त्यांना कधी अडवलं नाही. वकील वैतागायचे. “बाई, पुराण लावलंय का?” असं मीच एकदा म्हटलंय. साक्षीदाराकडं बघून म्हणाल्या, “तुम्ही बोललात तसंच आहे ना? नीट आठवा. नसेल तर आत्ताच सांगा.” त्यांचा आवाज विनवणीचा होता. स्टेनोचा आवाज तसा नसतो, हे मला खटकलं होतं, पण मी विचारलं नाही.

सहा वर्षं गेली. रामहरीचं अपील मुंबईला हायकोर्टात पडून होतं. दोन हजार बावीसमध्ये ते सुनावणीला येणार म्हणून तिकडून सगळ्या साक्षींच्या स्वच्छ टाइप केलेल्या प्रती मागवल्या गेल्या. ते काम वाटून दिलं गेलं आणि नेमका तोच गठ्ठा सरवदेबाईंच्या टेबलावर आला. पंचांची साक्ष झाली, डॉक्टरांची झाली. तिसऱ्या दिवशी कुशाबाईची आली.

तेच वाक्य त्यांना दुसऱ्यांदा टाइप करायचं होतं.

‘न्यायालयासमोर हजर असलेला आरोपी’ इथपर्यंत आल्या. पुढं बोटं जाईनात. चहा पिऊन आल्या, पुन्हा बसल्या. अक्षरं दिसत होती, पण हात नुसते कीबोर्डवर पडून राहिले. अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या अंथुर्ण्याला गेल्या, आणि ओसरीवर बसलेल्या आबांना सगळं सांगितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

धोंडीबा तेव्हा ऐंशीच्या घरात होते. ज्या ओसरीवर त्यांनी आयुष्यभर लोकांचे कागद वाचले त्याच ओसरीवर लेक हे सांगत होती. शेवटी म्हणाले, “त्यो मानूस जिता हाय न्हवं?”

“आहे.”

“मग अजून येळ हाय.”

“नोकरी जाईल, आबा.”

“जाईल की,” धोंडीबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाई आधी कॅनॉलकडच्या वस्तीवर गेल्या. आपण ऐकलं ते खरंच ऐकलं का, एवढंच त्यांना पक्कं करायचं होतं. सहा वर्षं एकच आवाज ऐकून ऐकून त्यांना आता स्वतःचीही खात्री वाटेनाशी झाली होती. कुशाबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला.

“कोण गं बाय तू?”

“कोर्टातली आहे, आजी. तुमची साक्ष झाली तेव्हा मी टाइप करत होते.”

“आसं व्हय. बस की.” कुशाबाईनं सूप बाजूला सारलं. “त्या पोराला सोडला न्हवं?”

बाई तिच्यासमोर खाली बसल्या.

“युवराज म्हणला, निकाल आपल्यासारखा लागला,” म्हातारी सांगत होती. युवराज हा तिचा थोरला मुलगा. “मला वाटलं, खरा मानूस दुसरा कुणी घावला आसंल. मी त्या पोराला बघितलं आन् न्हाय म्हणलं. आर्धं तोंड दिसल्यालं, उगं कुनाचं नाव कसं घ्यावं?”

“आजी, तो तुरुंगात आहे. तुमच्या साक्षीवर.”

कुशाबाईच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. “माझ्या?” ती म्हणाली. “मी तर न्हाय म्हणलं व्हतं, लेकी. तू तितं व्हतीस ना? तू ऐकलं ना?”

सोमवारी सकाळी कोर्ट भरायच्या आधी बाई माझ्या टेबलाशी आल्या. वही उघडून त्या रेघांवर बोट ठेवलं आणि त्या दिवशी ऐकलेलं वाक्य मला त्याच चालीत म्हणून दाखवलं. मधला खोकल्याचा थांबासुद्धा. मला शॉर्टहँड येत नाही. पण त्या थांबल्या त्या क्षणात मला रामहरी दिसला, पोलिसांच्या मधे, मागं वळून माझ्याशी बोलणारा.

“मला त्यानं त्याच दिवशी सांगितलं होतं,” मी म्हणालो.

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “मी ऐकत होते.”

कायद्याच्या दृष्टीनं आमच्या हातात फारसं काही नव्हतं. न्यायाधीशांनी नोंदवलं तेच घडलं, असं वरचं कोर्ट धरून चालतं. तसं धरलं नाही तर रोज हरलेला पक्षकार उठून म्हणेल, साक्षीदार असं बोललाच नव्हता. नियम चुकीचा नाही. पण या नियमाच्या खाली एक माणूस सापडला होता आणि त्याला बाहेर काढायला नियमातच जागा शोधायची होती. ती होती: अपिलाच्या कोर्टाला गरज वाटली तर ते नव्यानं पुरावा घेऊ शकतं. हायकोर्टात रामहरीचं काम बघणाऱ्या वकीलबाईंना आम्ही दोन शपथपत्रं पाठवली. एक सरवदेबाईंचं, वहीच्या पानासह. दुसरं माझं, की आरोपीनं मला त्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी लक्ष दिलं नाही. माझं लिहिताना मी तीन मसुदे फाडले. बाईंनी त्यांचं एका बैठकीत लिहिलं.

ही बातमी वस्तीवर गेली. युवराज कोर्टाच्या आवारात येऊन बाईंसमोर उभा राहिला. “माझा बाप मेलाय, म्याडम. तुमी कुणाच्या वतीनं हे करताय?”

“तुमच्या आईनं सांगितलं तेवढंच लिहिलंय.”

“आई म्हातारी झालीय. तिचं काय ऐकता?”

“तिच्याच साक्षीवर शिक्षा झालीय, दादा.”

वाईट माणूस नव्हता तो. बापाला मारणारा आत आहे, एवढ्या एका गोष्टीवर त्यानं सहा वर्षं भाकरी खाल्ली होती, आणि ती गोष्ट त्याच्या हातातून कोणी काढून घेत होतं.

हायकोर्टानं कुशाबाईची साक्ष पुन्हा घ्यायला सांगितलं. हे व्हायला आणखी दीड वर्ष गेलं. म्हातारीला धरून पिंजऱ्यात उभं केलं तेव्हा तिला रामहरी नुसता धूसर दिसत होता, म्हणून जुना प्रश्न वाचून दाखवला आणि विचारलं: त्या दिवशी कोर्टात तुम्ही काय म्हणालात? तिनं सांगितलं. या वेळी पुकारा नव्हता, पंखाही बंद ठेवला होता. टाइप करायला दुसरी स्टेनो होती. सरवदेबाईंना त्या दालनात यायची मनाई होती. त्या बाहेरच्या बाकावर बसून होत्या.

साक्ष संपवून कुशाबाई बाहेर आली, त्यांच्या शेजारी बसली, आणि म्हणाली, “लेकी, ह्यो न्हाय तर मग माझ्या मानसाला मारलं कुनी?”

बाई माझ्याकडं बघू लागल्या. तो तपास कधी उघडला गेला नाही. आजही उघडलेला नाही.

दोन हजार चोवीसच्या जूनमध्ये रामहरी निर्दोष सुटला. साडेनऊ वर्षांनी. निकालपत्र बावीस पानांचं आहे. ओळख संशयातीत सिद्ध होत नाही, तांब्याची तार आरोपीच्या व्यवसायाशी सुसंगत आहे, संशयाचा फायदा आरोपीला. सगळं बरोबर. आमच्या शपथपत्रांबद्दल सतराव्या पानावर एक ओळ आहे: फेरसाक्ष उपलब्ध असल्याने या शपथपत्रांच्या गुणदोषांत शिरण्याची आवश्यकता वाटत नाही.

ती ओळ मी बाईंना वाचून दाखवली. “म्हणजे?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे तुम्ही ऐकलं की नाही, लिहिलं की नाही, यावर कोर्ट काहीच म्हणत नाही.”

“म्हणजे ते तसंच राहिलं.”

“तो सुटला, बाई.”

“हो,” त्या म्हणाल्या. “ते झालं.”

खात्याची चौकशी झाली. बाईंना वाटलं होतं नोकरी जाईल. त्यांनी चौकशीत सगळं कबूल केलं. ऐकलं, गप्प बसले, वाचून न दाखवता कागद पुढं केला. पण हायकोर्टानंच त्यात शिरायचं नाकारल्यावर चौकशी अधिकारी तरी काय करणार? त्यांनी लेखी ताकीद दिली. कारण: न्यायालयीन कामकाजाची खाजगी वहीत नोंद ठेवणे. ताकीद हातात घेऊन बाई माझ्याकडं आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही. शिक्षेसाठी रांगेत उभं राहावं आणि खिडकी बंद व्हावी, असा तो चेहरा होता.

पावसाळा संपता संपता त्या रामहरीला भेटायला गेल्या. मी येतो म्हटलं तर नको म्हणाल्या. लोणी देवकरच्या रस्त्याला दोन खोल्यांत तो, सिंधू आणि छकुली राहत होते. छकुली आता अठरा वर्षांची, कंपनीत पॅकिंगला जाणारी. तिनं दार उघडलं आणि ही कोण ते न कळून आत हाक मारली.

रामहरीनं मात्र लगेच ओळखलं. “या म्याडम,” म्हणाला. खुर्ची दिली. केस पांढरे झाले होते. त्यानं पुन्हा रिवायंडिंगचं काम धरलं नव्हतं. तांब्याची तार हातात घेतली की तो ती खाली ठेवून उठून जायचा, असं सिंधूनं सांगितलं. एका नर्सरीत रोपांना पाणी घालायचं काम करत होता.

बाईंनी बसल्या बसल्या सांगून टाकलं. मी ऐकलं होतं, मी लिहिलं नाही, मला भीती वाटली. सिंधू भिंतीला टेकून ऐकत होती. छकुली उठून बाहेर निघून गेली.

रामहरी म्हणाला, “मला म्हाईत हाय की.”

“वकिलांनी सांगितलं?”

“न्हाय. तवाच. म्हातारी बोलली आन् तुमचं हात थांबलं. तुमी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, हिनं ऐकलंय. ही सांगंल.” तो अगदी साधेपणानं बोलत होता. “वकीलसाहेब म्हणलं तुजं कान चुकलं, तवा मलाबी वाटलं आसंल बाबा. पण मग तुमची नजर याद यायची. एक मानूस हाय भायेर ज्याला म्हाईत हाय. आज सांगंल, उद्या सांगंल. त्याच्यावरच दिवस काढलं, म्याडम.”

बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, “त्यानं शिवी दिली असती तर घेऊन आले असते. तो म्हणाला, तुमच्या नजरेवर दिवस काढले. सहा वर्षांचे दिवस मोजा, वकीलसाहेब. तो रोज वाट बघत होता, आणि मी रोज एसटीनं घरी जात होते.”

निघताना सिंधूनं त्यांना चहा दिला. छकुली परत आली नाही.

रामहरी मला एकदा इंदापूरच्या बाजारात भेटला. “रामराम, वकीलसाहेब,” म्हणाला आणि पुढं गेला. बोलण्यासारखं माझ्याकडं होतं, त्याच्याकडं नव्हतं.

सरवदेबाई अजून नोकरीत आहेत. काम चोख आहे. नवीन साहेबांनी परवाच त्यांचं कौतुक केलं. फक्त त्यांनी आपलं टेबल फिरवून घेतलंय. पूर्वी साक्षीदाराचा आणि आरोपीचा असे दोन्ही पिंजरे समोर असायचे. आता आरोपीचा पिंजरा त्यांच्या पाठीमागं येतो. साहेबांना त्यांनी कारण सांगितलं की खिडकीचा उजेड डोळ्यांवर येतो. साक्ष चालू असताना मागून कोणी आरोपी खाकरला, कठडा वाजवला, ‘म्याडम’ म्हणाला, तरी त्या वळून बघत नाहीत. मी एकदा विचारलं.

“बघितलं,” त्या म्हणाल्या, “की त्याला वाटतं, ही सांगेल.”